रेषेबाहेरची शाळा: विमानतळाशेजारच्या एका जमीनपट्टीचं प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या विमानतळाशेजारचं आहे. ओळख पटेल अशा खुणा, म्हणजे नावं, दिशा आणि वर्षं, काढून टाकल्या आहेत. आमच्या तिघांच्या गटाला नेमलं होतं ते नगरनियोजन विभागाने, विमानतळाने नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न तोच यायचा: तुम्ही कोणाचे?

पार्श्वभूमी

एकच धावपट्टी. विमानतळ बांधला तेव्हा आजूबाजूला मोकळी जमीन होती. मग रस्ता झाला, रस्त्यालगत दुकानं आली, दुकानांमागे घरं आली. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा दुरुस्तीला निघाला, तेव्हा शहराची हद्द धावपट्टीच्या टोकापासून हाकेच्या अंतरावर येऊन ठेपली होती.

वाद होता तो धावपट्टीच्या एका टोकापासून दोन किलोमीटरवर सुरू होणाऱ्या आणि पाच किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या लांबट पट्टीवरून. ही जमीन बरोबर उतरणीच्या मार्गाखाली होती. विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून खाली येतं. धावपट्टीच्या उंबरठ्यावरून ते सुमारे १५ मीटर उंचीवरून जातं, म्हणजे चार किलोमीटर अलीकडे त्याची उंची जेमतेम सव्वादोनशे मीटर असते. पट्टीत थोडी जुनी घरं होती, एक शाळा होती आणि बाकी सगळी विनावापर जमीन. मालकांची मागणी सरळ होती: ही जमीन निवासी करा.

त्यांच्या मागणीला आधार होता विमानतळाच्याच नकाशाचा. समान आवाजाच्या रेषा दाखवणाऱ्या या नकाशाला सगळे ‘कंटूर’च म्हणतात. जुन्या कंटूरमध्ये ६५ डेसिबलची रेषा अर्ध्याहून जास्त पट्टी व्यापून होती. नव्या नकाशात तीच रेषा मागे सरकून पट्टीच्या अलीकडेच संपत होती. यात कुणाची लबाडी नव्हती. दोन नकाशांच्या मधल्या काळात जुनी गोंगाटी विमानं जाऊन नवी आली होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘अ‍ॅनेक्स १६’ मधली आवाजाची मानकं टप्प्याटप्प्याने कडक होत गेली आहेत. त्यातलं चॅप्टर १४ मोठ्या नव्या विमानप्रकारांना २०१७ च्या अखेरीपासून लागू झालं आणि ते चॅप्टर ४ पेक्षा एकत्रित ७ डेसिबलने कडक आहे. इंजिनं खरोखरच शांत झाली आहेत.

‘रेषा मागे गेली, आता आमची जमीन मोकळी करा’ हे मालकांचं म्हणणं त्यामुळे वरवर बिनतोड होतं.

अडचण

अडचण अशी की रेषेबाहेर राहणाऱ्या लोकांना आपण रेषेबाहेर आहोत हे पटत नव्हतं. पहिल्याच भेटीत तिथले एक वयस्कर रहिवासी नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, तुमची रेघ माझ्या कुंपणापाशी थांबते. विमानाला कुणी सांगितलंय का तिथे थांबायला?”

आम्ही हसलो खरे, पण उत्तर देता आलं नाही. कारण त्या रेषेचा अर्थ सांगायला बसलं की पाच मिनिटांत समोरचा माणूस हरवतो. ती रेषा म्हणजे एका विमानाचा आवाज नव्हे, वर्षभराची सरासरी. चोवीस तासांत जेवढी ध्वनिऊर्जा येते ती सबंध दिवसावर पसरवायची. रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत आलेल्या प्रत्येक विमानाला १० डेसिबलचा दंड जोडायचा. आणि मग निघतो तो आकडा, म्हणजे दिवस-रात्र सरासरी पातळी, डीएनएल. युरोपात संध्याकाळच्या चार तासांनाही ५ डेसिबलचा वेगळा दंड लावतात, २००२ च्या त्यांच्या निर्देशानुसार.

या गणिताचे दोन स्वभाव ओळखून असावेत. एक: समजा एकेका विमानाच्या आवाजाची एकूण मात्रा, म्हणजे एसईएल, ९० डेसिबल आहे आणि दिवसा १०० विमानं येतात. डीएनएल येतो ६०.६. आता फक्त १० विमानं रात्री वाढवा. डीएनएल ६३.६ होतो. म्हणजे हिशेबात रात्रीची १० विमानं दिवसाच्या १०० विमानांच्या तोलाची असतात. दुसरा स्वभाव उलटा: विमानांची संख्या दुप्पट झाली तरी आकडा फक्त ३ डेसिबलने वाढतो. नकाशावर रेषा थोडीशी हलते. छपराखाली बसलेल्या माणसाला मात्र दुप्पट विमानं ऐकू येतात.

आणि खरी मेख आणखी खोलात होती. विमानतळाच्या विस्तार आराखड्यात रात्रीची मालवाहतूक सुरू करायचा प्रस्ताव होता. तो मंजूर नव्हता, म्हणून नव्या कंटूरमध्ये धरलेला नव्हता. जमीन निवासी झाली असती ती आजच्या रेषेच्या भरवशावर, आणि लोक राहायला आले असते ते उद्याच्या आवाजात.

मोजमाप

नियोजन विभागाला झटपट अहवाल हवा होता. विमानतळाचा नकाशा घ्या, त्यावर शेरा लिहा आणि मोकळे व्हा. आम्ही अडून बसलो की आधी मोजू. हा पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. मोजलेले आकडे संगणकी मॉडेलपेक्षा जास्त खरे असतात असं काही नाही. कंटूर मॉडेलनेच काढावा लागतो. चार खांबांवरच्या मायक्रोफोनने वर्षभराचा नकाशा होत नाही, आणि पुढच्या वर्षाचा तर नाहीच. अमेरिकेत २०१५ पासून जुन्या आयएनएम मॉडेलच्या जागी एईडीटी हे मॉडेल वापरतात. त्यात प्रत्येक विमानप्रकारासाठी इंजिनाची ताकद, अंतर आणि आवाज यांचं कोष्टक असतं. पण मॉडेलला जे गृहीत धरायला सांगाल ते ते धरतं. आम्हाला तपासायची होती ती गृहीतकं.

चार ठिकाणं निवडली: शाळेचं छत, पट्टीच्या मध्यावरचं एक घर, मार्गापासून बाजूला सुमारे ८०० मीटरवरची मोकळी जागा आणि विमानांपासून लांबची एक शांत वस्ती. उपकरणं पहिल्या वर्गाची, आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. विमानतळाजवळ माणसाविना चालणाऱ्या मापनासाठी आयएसओ २०९०६ हे मानक आहे, ते पायाशी ठेवलं. मायक्रोफोनवर स्पंजची टोपी, त्यावर पक्षी बसू नयेत म्हणून काटे. रोज सकाळी एकजण शिडी चढून जायचा, टोपी काढायचा, कॅलिब्रेटरची, म्हणजे मायक्रोफोन बरोबर मोजतो का ते तपासणारी, छोटी नळी मायक्रोफोनवर बसवायचा. १ किलोहर्ट्झची सरळ शीळ, ९४.० डेसिबल. पडद्यावर ९४.० दिसलं की वहीत नोंद, सही, टोपी परत. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे मालकांच्या वकिलाने पहिला प्रश्न विचारला तो याच वहीबद्दल.

पहिल्याच आठवड्यात तोंडावर पडलो. शाळेच्या छतावरच्या उपकरणाने एका दिवसात विमानतळावर उतरलेल्या विमानांपेक्षा जास्त ‘विमानं’ मोजली. उपकरण असं ठरवलेलं असतं की आवाज पार्श्वभूमीपेक्षा ठरावीक डेसिबलने वर गेला आणि ठरावीक सेकंद टिकला, की त्याला घटना म्हणायचं. आम्ही रडारच्या नोंदींशी एकेक वेळ जुळवत बसलो. विमान नसताना आलेल्या घटना रोज सकाळी त्याच वेळी, तेवढाच वेळ. शेवटी रखवालदारानेच उलगडा केला. टाकीत पाणी चढवायचा पंप तो त्याच वेळी लावायचा, आणि पंप होता आमच्या मायक्रोफोनपासून दहा पावलांवर. जागा पाहायला गेलो तेव्हा पंप बंद होता, म्हणून कुणाला दिसलाच नाही. तो आठवडा बाद केला, उपकरण छताच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, आणि तिथून पुढे रडारशी न जुळलेली एकही घटना विमानाच्या खात्यात धरली नाही. सेकंदाला ५ मीटरच्या वर वारा असेल तेव्हाची मिनिटंही बाद करत गेलो.

शाळेत आणखी एक मोजमाप झालं, ते आमचं नव्हे. तिथल्या एका शिक्षिका विमान गेलं की बोलणं थांबवायच्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूने एक रेघ मारायच्या. मुलांना ते अंगवळणी पडलं होतं. कुणी वर पाहायचंही नाही, नुसती गप्प बसायची. मी मागच्या बाकावर बसलो होतो त्या चाळीस मिनिटांच्या तासिकेत सहा रेघा झाल्या. त्याचा हिशेब अवघड नाही. छतावर विमानाची कमाल पातळी ८० डेसिबल असेल आणि खिडक्या उघड्या असतील तर आत साधारण १५ डेसिबल कमी, म्हणजे ६५. एक मीटरवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. मागच्या बाकापर्यंत तो आणखी कमी होतो. शिक्षिका थांबतात कारण बोलून उपयोग नसतो.

हा निव्वळ गैरसोयीचा प्रश्न नाही हेही ठाऊक होतं. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली होती. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घकालीन स्मरण घसरलं. जुन्याजवळच्या मुलांचं सुधारलं. आवाज गेला की नुकसान भरून निघू शकतं ही त्यातली दिलासा देणारी बाजू.

पाच आठवड्यांनी आकडे जुळवले. लांबच्या शांत वस्तीतल्या उपकरणाने एवढं निदान ठरवलं की विमानांशिवाय या भागात मुळात आवाज किती असतो. पट्टीवर मोजलेली पातळी नकाशातल्या पातळीपेक्षा वर होती, पण आरडाओरडा करावा एवढी नाही. कारण सापडलं ते वाऱ्यात. विमानं वाऱ्याला सामोरी उतरतात. नकाशात निम्मी विमानं या टोकाने आणि निम्मी त्या टोकाने उतरतात असं धरलं होतं. आम्ही मोजलं त्या हंगामात सुमारे दोन तृतीयांश या टोकाने उतरत होती. गंमत म्हणजे निम्म्यावरून दोन तृतीयांशावर गेलं तरी सरासरी जेमतेम सव्वा डेसिबलने चढते. सगळीच्या सगळी या बाजूने आली तरी ३ डेसिबल. सरासरी किती काही पोटात घालते ते इथे दिसलं. म्हणून अहवालात डीएनएलच्या शेजारी आम्ही आणखी दोन गोष्टी ठेवल्या: दिवसातून किती वेळा ७० डेसिबलच्या वर आवाज गेला, ज्याला ऑस्ट्रेलियात एन७० म्हणतात, आणि शाळेच्या वेळेपुरती पातळी.

बाजूच्या ८०० मीटरवरच्या ठिकाणाने मात्र पुढचा मार्ग दाखवला. उतरणाऱ्या विमानाच्या आवाजाचा पट्टा बोटासारखा लांब आणि अरुंद असतो, उड्डाणाचा फुगीर. चार किलोमीटरवर थेट मार्गाखालच्या माणसापासून विमान सव्वादोनशे मीटरवर असतं, बाजूच्या माणसापासून आठशेहून थोडं जास्त. नुसत्या अंतराच्या हिशेबाने कमाल पातळी सुमारे ११ डेसिबलने उतरते. एवढा फरक कुठल्याही इंजिनसुधारणेतून एका फटक्यात मिळत नाही.

पर्याय

पहिला पर्याय सोपा: नकाशा मान्य करा, पट्टी निवासी करा. मालक खूश, विभागाला कर मिळणार, आणि ६५ च्या बाहेर निवास चालतो असं म्हणायला विमानतळांच्या आवाजाबाबतच्या अमेरिकेच्या पार्ट १५० नियमांचा आधारही आहे. पण ६५ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १९७८ मध्ये शुल्ट्झ या संशोधकाने अनेक सर्वेक्षणं एकत्र करून वक्र काढला, त्याच्या नंतर सुधारलेल्या रूपानुसार ६५ डीएनएलला साधारण १२ टक्के लोक खूप त्रासलेले असतात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनानेच २० विमानतळांभोवतीच्या दहा हजारांहून जास्त लोकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात त्याच पातळीला खूप त्रासलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून बरंच वर निघालं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७४ मध्येच सुरक्षिततेसाठी पुरेशी सूट धरून ५५ हा आकडा सांगितला होता, आणि जागतिक आरोग्य संघटनेची युरोपसाठीची २०१८ ची शिफारस तर विमानांच्या आवाजासाठी ४५ च्या खाली आहे. ४५ पाळायचं ठरवलं तर अर्धं शहर रिकामं करावं लागेल, हेही खरं. आकडा निवडणं हा शास्त्राचा निर्णय कमी आणि धोरणाचा जास्त असतो. आम्ही तसं अहवालात लिहिलं, आणि विभागाला ते वाक्य अजिबात आवडलं नाही.

दुसरा पर्याय, सरसकट बंदी. तो टिकला नसता. जमिनीचा वापर पूर्ण बंद केला की भरपाईचा प्रश्न येतो, आणि ती कोणी द्यायची याच्यावर देशोदेशी खटले झाले आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ग्रिग्ज खटल्यात ठरवलं की भरपाई विमान कंपनीने नव्हे, विमानतळ चालवणाऱ्याने द्यायची. शिवाय रिकामी जमीन रिकामी राहत नाही. तिच्यावर विनापरवाना घरं उभी राहतात, आणि ती नकाशात कधीच नसतात.

तिसरा, आवाजरोधक घरं. खिडक्या बंद असतील तर साधं पक्कं बांधकाम साधारण २० डेसिबल अडवतं. दुहेरी काच आणि नीट बसवलेली दारं असतील तर २५ ते ३०. आत ४५ डेसिबल हे उद्दिष्ट कागदावर गाठता येतं. विकासकांना हा पर्याय फार आवडतो, कारण तो खर्चात बसतो आणि जाहिरातीत शोभतो. पण गच्ची, अंगण, खेळाचं मैदान यांना काच बसवता येत नाही. पार्ट १५० च्या तक्त्यातच तळटीप आहे की आतला आवाज कमी केल्याने बाहेरचा प्रश्न सुटत नाही. ती तळटीप कुणी वाचत नाही.

चौथा पर्याय पट्टीची लांबीत विभागणी करण्याचा होता. मार्गाखालच्या भागात गोदामं, शीतगृहं, कारखानदारी, वाहनतळ. निवासी हक्क बाजूच्या जमिनीवर हलवायचे. यातही पथ्यं बरीच. उघडं धान्य, कचरा डेपो, तलाव चालत नाहीत, कारण ते पक्षी बोलावतात, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात अशा गोष्टींसाठी विमानतळापासून १३ किलोमीटरचा परीघ पाहायला सांगितलेला आहे. उंच इमारती नकोत, वैमानिकाच्या डोळ्यांवर चमकतील अशी छपरं नकोत, आणि मार्गाखाली एका जागी हजारो माणसं जमतील असंही काही नको. सभागृह आवाजरोधक बांधता येतं, पण विमान पडलं तर काच काय करणार?

काय केलं

चौथा पर्याय स्वीकारला. तो पार पाडताना दोन ठिकाणी खरी कसोटी लागली.

पहिली: रेषा कुठल्या वर्षाची धरायची. विमानतळ म्हणत होता आजची, कारण मालवाहतूक मंजूर नाही. मालकही आजचीच म्हणत होते. दोघांचे हितसंबंध वेगळे, आग्रह एकच, ही माझ्या अनुभवातली दुर्मीळ युती. आम्ही सुचवलं की धावपट्टी पूर्ण क्षमतेने, रात्रीच्या विमानांसह चालली तर येईल ती रेषा धरा. हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. ऑस्ट्रेलियात नियोजनासाठी भविष्यातल्या वाहतुकीचा कंटूर वापरतात आणि त्यांच्या मानकात एएनईएफ, म्हणजे तिथल्या भावी विमान-आवाजाच्या मोजपट्टीवर, २५ च्या वर नवी घरं अयोग्य मानतात. फ्रान्समधल्या आवाज-आराखड्यात जवळचा, मधला आणि दूरचा असे तिन्ही काळ विचारात घ्यावे लागतात. कारण साधं आहे. विमानांचा ताफा पंधरा-वीस वर्षांत बदलतो, वेळापत्रक सहा महिन्यांत, आणि घर पन्नास वर्षं उभं राहतं.

विभाग द्विधेत होता. मग जाहीर सुनावणी आम्ही शहरातल्या सभागृहाऐवजी पट्टीतल्या शाळेत घ्यायला लावली, कामाच्या दिवशी, विमानांच्या गर्दीच्या वेळी. मालकांचे प्रतिनिधी मांडणी उत्तम करत होते. तीन वेळा त्यांना वाक्य अर्धवट सोडून थांबावं लागलं. तिसऱ्या वेळी इतिवृत्त लिहिणाऱ्या लिपिकाने मान वर करून विचारलं, “सर, हे पण लिहू का?” अध्यक्ष म्हणाले, लिहा. इतिवृत्तात ते आजही आहे: ‘विमान गेल्यामुळे वक्ते थांबले.’

भविष्यातली रेषा मान्य झाली. तिच्या आत नवं निवास नाही. ५५ ते ६५ च्या मधल्या पट्ट्यात नवी शाळा किंवा रुग्णालय नाही, घरं चालतील पण आवाजरोधन सक्तीचं आणि खरेदीखतात विमानाच्या आवाजाची स्पष्ट नोंद. मालकांना बाजूच्या जमिनीवर वापरता येतील असे हस्तांतरणीय विकास हक्क.

दुसरी कसोटी शाळेची. स्थलांतर करावं असं आमचं मत होतं. पालकांनी साफ नकार दिला. चालत जाता येणारी ती एकच शाळा होती. मग वर्गांना दुहेरी काचा बसवायचं ठरलं आणि विमानतळाने खर्च उचलला. सोबत रात्रीसाठी एक ठराव झाला: वारा परवानगी देईल तेव्हा विमानं दुसऱ्या टोकाने उतरवायची. वारा परवानगी देईल हे शब्द मोघम नाहीत. केवळ आवाजासाठी धावपट्टीची दिशा निवडताना पाठीमागचा वारा ५ नॉटच्या आणि आडवा वारा १५ नॉटच्या वर असता कामा नये असं आंतरराष्ट्रीय कार्यपद्धती सांगते. त्यापुढे निर्णय नियंत्रकाचा आणि वैमानिकाचा, त्यात शेजाऱ्यांनी पडू नये.

निष्पत्ती

मार्गाखालच्या जमिनीवर गोदामं आणि एक बस आगार आलं. साधारण तिसरा हिस्सा अजून मोकळा आहे. काही मालकांनी विकास हक्क घेतले, काही न्यायालयात गेले. रात्रीची मालवाहतूक पुढे सुरू झाली, आणि रेषा आम्ही धरली होती त्या दिशेने सरकली.

काचांचा पहिला टप्पा फसला. खिडक्या बंद झाल्या, हवा बंद झाली, दुपारपर्यंत वर्ग तापले आणि शिक्षकांनी खिडक्या उघडल्या. तीस डेसिबल अडवणारी खिडकी चार बोटं उघडली की ती साधी खिडकी होते. दुसऱ्या टप्प्यात आवाज अडवणारे वायुवीजनाचे झरोके बसवले, मग खिडक्या बंद राहू लागल्या. अंदाजपत्रकात वायुवीजन आधीपासून होतं. खर्च कमी करताना आमच्या डोळ्यांदेखत ते वगळलं गेलं. आम्ही हरकत घेतली, पण लेखी घेतली नाही.

तक्रारी कमी झाल्या का, असं सगळे विचारतात. नाही, वाढल्या. तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक जाहीर केला की वाढणारच. शिवाय आराखडा मंजूर होण्याच्या आधी परवानगी मिळालेला एक गृहप्रकल्प पट्टीत उभा राहिला. जुन्या परवानगीला नवा नियम लागत नाही. आज सगळ्यात जास्त तक्रारी तिथूनच येतात. तक्रारींची संख्या हा आवाजाचा मापदंड नव्हे, पण कुठली चूक कुठे राहून गेली हे ती बरोबर दाखवते.

दुसरं एक दुखणं आम्ही पाहिलंच नव्हतं. उड्डाणाच्या बाजूला उपग्रहाधारित नवे मार्ग आले. आधी विमानं रुंद पट्ट्यात पसरून जायची. आता सगळी एका धाग्यावरून जातात. एकूण आवाज कमी लोकांवर पडतो, पण त्या धाग्याखालच्यांवर सगळाच. पूर्वी कधी तक्रार न केलेली एक वस्ती जागी झाली. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये २०१४ साली अशाच बदलावरून रान उठलं आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ते मार्ग बेकायदा ठरवले. आम्हाला ते प्रकरण वाचायला हवं होतं. आम्ही उतरणीच्या पट्टीत इतके गुंतलो होतो की धावपट्टीला दुसरं टोकही असतं हे विसरलो.

पुन्हा करायचं झालं तर

मापन एका हंगामात उरकणार नाही. वारा फिरतो, तापमान उलटल्यावर, म्हणजे खाली थंड आणि वर उबदार हवा असली की, रात्री जमिनीलगत आवाज लांबवर पोचतो, पानगळ होते. दोन हंगाम तरी हवेत. आमच्या पाच आठवड्यांवर वकिलाने जे ताशेरे ओढले ते रास्त होते, कॅलिब्रेशनची वही कितीही नीट असली तरी.

लोकांसमोर सरासरीचा आकडा आधी ठेवणार नाही. आधी सांगेन: तुमच्या छपरावरून दिवसात इतकी विमानं, त्यातली रात्री इतकी, प्रत्येकाला बोलणं इतकी सेकंद थांबेल. डीएनएल कायद्यासाठी ठेवेन.

विस्तार आराखडा विमानतळाकडे मागताना ‘मंजूर प्रस्ताव’ असं लिहिणार नाही. आम्ही पत्रात तेच लिहिलं होतं, आणि त्यांनी प्रामाणिकपणे मंजूर तेवढेच पाठवले. मालवाहतुकीचं कळलं ते चहाच्या वेळी, एका कनिष्ठ अभियंत्याकडून.

खरेदीखतातल्या नोंदीबद्दल माझं मत बदललं आहे. नोंद खरेदीदारापर्यंत पोचते, भाडेकरूपर्यंत नाही. आणि विमानतळाजवळच्या घरांत भाडेकरूच जास्त. भाडेकरारातही ती सक्तीची हवी होती. आज घर घ्यायला आलेला माणूस दुपारच्या शांत वेळी येतो, किल्ली घेतो, आणि पहाटे पाचला त्याला पहिल्यांदा कळतं.

शाळेच्या छतावरचं उपकरण आम्ही काढून नेणार होतो. विभागाने ते कायमचं ठेवून घेतलं. दर तीन महिन्यांनी आकडे येतात, आणि त्यांच्यासोबत शाळेकडून एक वेगळा कागद येतो: तारीख, तासिका, आणि त्यापुढे पेन्सिलीच्या उभ्या रेघा. गेल्या सत्रात त्या रेघांच्या रकान्याला मुलांनी शीर्षक दिलंय, ‘थांबलो’.